धुक्यातील फुले: ती वेगळी का दिसतात आणि कशी पाहावीत

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: धुके पडलेल्या सकाळी बागेतील फुले नेहमीपेक्षा अधिक सुंदर वाटतात, पण त्यांत नेमके काय वेगळे असते ते उमगत नाही, दहा मिनिटांत एक फेरी होते, सारे पाहून झाल्यासारखे वाटते, आणि नंतर पाहावे तर काढलेली छायाचित्रे राखाडी व निस्तेज निघतात. मग हे सौंदर्य खरोखरच फुलांत असते, की त्या वातावरणाची मनाला पडलेली ती भूल असते?

फुलझाडांची निगा राखणे आणि त्यांची रेखाटने करणे या दोन्ही कामांत माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि वर्षभरात ज्या मोजक्या सकाळींची मी मनापासून वाट पाहतो त्या धुक्याच्याच असतात. ही भूल नव्हे. धुक्यात फुलावर पडणारा प्रकाश बदलतो, पाकळीच्या पृष्ठभागावर पाणी येते, कोणती फुले उमललेली असतील आणि कोणती मिटलेली हे बदलते, आणि पहाटेच्या मंद उजेडात आपला डोळाही निराळ्या रीतीने काम करतो. या प्रत्येक गोष्टीला कारण आहे, आणि ते कारण ठाऊक झाले की कुठे पाहावे हेही कळते. फेरी दहा मिनिटांत का संपते, याचे उत्तर मात्र चालण्याच्या सवयीत आहे. लख्ख उन्हात आपण बाग लांबून पाहतो, वाफ्यामागून वाफा, रंगामागून रंग. धुके हे लांबचे पाहणे आपल्याकडून काढून घेते, आणि त्याच्या बदल्यात हाताच्या अंतरावरचे जे देते ते घेण्यासाठी थांबावे लागते.

धुके म्हणजे जमिनीला टेकलेला ढग. एक किलोमीटरपलीकडचे दिसेनासे झाले की हवामानशास्त्र त्याला धुके म्हणते. त्यातील पाण्याचे कण फार लहान असतात, बहुतेकांचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. तरीही प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने ते बरेच मोठे असतात, आणि म्हणून निळा, हिरवा, तांबडा असा भेद न करता सर्वच रंगांचा प्रकाश ते जवळपास सारखा विखुरतात. धुके पांढरे दिसते ते यामुळेच. एका दिशेने येणारा सूर्यप्रकाश या कणांत शिरला की तो चहूकडून येऊ लागतो, सावल्या विरघळतात, आणि फुलाला वरून आणि सर्व बाजूंनी थोडाथोडा उजेड मिळतो. उन्हात गुलाबाच्या बाहेरच्या पाकळ्या झगझगीत आणि आतला गाभा काळोखा असतो. या दोन टोकांमध्ये सापडलेल्या डोळ्याला मधल्या छटा जाणवतच नाहीत. धुक्यात ही टोके जवळ येतात, आणि त्याच गुलाबाच्या गाभ्यात एकेक पाकळी कशी वळत गेली आहे, दुमडलेल्या कडेजवळ रंग कसा दाट होत गेला आहे, हे सावकाश उलगडत जाते.

याहून मोठा फरक पडतो तो अंतरामुळे. धुक्यात एखाद्या वस्तूचा उठाव, म्हणजे पार्श्वभूमीहून ती वेगळी दिसण्याचे प्रमाण, अंतराबरोबर फार झपाट्याने घटतो. या घटीचा नियम जर्मन हवामानशास्त्रज्ञ कोशमीडर यांनी १९२४ मध्ये मांडला. तो वापरून हिशेब केला, तर ज्या धुक्यात जेमतेम २०० मीटरपर्यंतचे दिसते, त्यात एक मीटरवरच्या फुलाचा उठाव २ टक्क्यांच्या आसपासच कमी होतो, पण ५० मीटरवरच्या झाडाचा ६० टक्क्यांहून अधिक नाहीसा झालेला असतो. म्हणजे जवळचे फूल जवळजवळ पूर्ण रंगात उभे असते आणि त्याच्यामागचे कुंपण, भिंत, इतर झाडे, सारे एका पांढुरक्या पडद्यात जाते. एरवी ज्या फुलाला शंभर गोष्टींच्या गर्दीत आपली जागा शोधावी लागते, त्याला इथे अख्खी पार्श्वभूमी मोकळी मिळते. रंगहीन पार्श्वभूमीवर रंग अधिक गडद भासतो, हे चित्र काढणाऱ्या प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक असते; शिवाय ओल्या हवेत थेट उन्हाची पांढरी चकाकी पाकळीवर नसते, त्यामुळे रंगात पांढरे मिसळत नाही. धुक्यात झेंडूचा केशरी रंग ‘पेटल्यासारखा’ वाटतो तो या दोन्ही कारणांनी.

वेळेविषयी मी थोडा आग्रही आहे. बहुतेक लोक उजाडल्यावर बागेत जातात. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी जावे. त्या वेळी डोळ्यांत एक बदल चालू असतो आणि तो फुलांवर इतका स्पष्ट दिसतो, की त्याचा शोधही फुलांशीच जोडला गेला आहे. यान पुर्किन्ये या चेक शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखनात असे नोंदवले, की पहाटेच्या अपुऱ्या उजेडात निळा रंग आधी दिसू लागतो आणि दिवसा सर्वांत तेजस्वी वाटणारा तांबडा रंग बराच वेळ काळसर राहतो. कारण असे, की भरपूर उजेडात आपण ज्या शंकुपेशींनी पाहतो त्या ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, तर मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी ५०७ नॅनोमीटरच्या आसपासच्या, निळसर हिरव्या प्रकाशाला. तांबड्या प्रकाशाला दंडपेशी जवळपास आंधळ्याच असतात. धुके उजेडाला आणखी रोखते, म्हणून हा संधिकाल थोडा लांबतो.

हे पडताळून पाहणे सोपे आहे. गोकर्णीचा वेल आणि लाल गुलाब एकाच नजरेत येतील अशा जागी उभे राहावे. दिवसा लाल गुलाब दुरूनही डोळ्यांत भरतो आणि गोकर्ण पानांत लपलेले असते. पहाटे उलटे होते: गोकर्णीच्या फुलांना आतून उजेड असल्यासारखे वाटते, आणि गुलाबाचे फूल त्याच्या स्वतःच्या पानांहूनही काळे दिसते. मग उजेड वाढू लागतो, आणि कोणत्या तरी क्षणी, तो क्षण नेमका कधीही पकडता येत नाही, त्या काळ्या आकारात तांबडेपणा शिरतो. मी हे कितीतरी वेळा पाहिले आहे आणि दरवेळी मला ते फूल नव्यानेच उमलल्यासारखे वाटते. एक अट मात्र पाळावी. दंडपेशींना अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात, आणि या काळात मोबाइलचा लखलखीत पडदा एकदा जरी पाहिला तरी ती तयारी बरीचशी वाया जाते. मोबाइल खिशातच असू द्यावा.

उजाडल्यावर एक फूल निवडावे. एकच. त्याच्यापासून हाताच्या अंतरावर, त्याच्या उंचीला डोळे येतील असे बसावे किंवा वाकावे आणि निदान दहा मिनिटे तिथेच राहावे. एखादे उदाहरण घेतलेले बरे, म्हणून कॉसमॉसचे सांगतो. कॉसमॉसचे फूल उन्हात साधेच वाटते, आठ पाकळ्या आणि मधे पिवळी टिकली. धुक्यात पहिल्यांदा लक्ष जाते ते त्याच्या पानांकडे. ती पाने दोऱ्यासारखी चिरलेली असतात आणि त्या प्रत्येक दोऱ्यावर बारीक थेंब ओळीने बसलेले असतात, त्यामुळे झाडाभोवती फिकट चांदीची धूसर कडा तयार होते. मग फुलाकडे यावे. पाकळीचे टोक सरळ कापलेले नसते, त्याला उथळ दाते असतात आणि दोन दात्यांमधल्या खाचेत एखादा थेंब अडकून राहतो. पाकळीवर उभ्या, किंचित खोल गेलेल्या शिरा असतात, आणि गुलाबी रंग त्या शिरांत थोडा अधिक साचल्यासारखा दिसतो. ज्याला आपण पाकळी म्हणतो ते सूर्यफुलाच्या या कुळात खरे तर एक स्वतंत्र लहान फूल असते, आणि मधली पिवळी टिकली म्हणजे नळीसारख्या लहान लहान फुलांचा गुच्छ. त्यांतील बाहेरच्या रांगेतली आधी उमलतात आणि आतली अजून मिटलेली असतात. दहा मिनिटांनी पाहिले तर फूल तेच असते, पण आणखी दोन-चार कण त्या थेंबाला येऊन मिळालेले असतात, तो मोठा झालेला असतो, आणि त्याच्या भाराने पाकळी जराशी खाली आलेली असते.

थेंबांविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण धुक्याच्या सकाळी सर्वांचे लक्ष त्यांच्याकडेच जाते आणि तरीही ते सारे एकाच जातीचे समजले जातात. झाडावर दिसणारे पाणी तीन वाटांनी आलेले असते. पहिले दहिवर, म्हणजे दंव. निरभ्र रात्री जी पाने-फुले उघड्या आकाशाखाली असतात ती उष्णता गमावून हवेपेक्षा थंड होतात आणि हवेतील बाष्प त्यांच्यावर जमते. म्हणूनच मोठ्या झाडाच्या छत्राखालचे गवत कोरडे आणि उघड्यावरचे ओले सापडते. दुसरे प्रत्यक्ष धुक्याचे पाणी. तरंगणारे कण हवेबरोबर वाहत असताना वाटेत येणाऱ्या वस्तूवर आदळतात, आणि वस्तू जितकी बारीक तितके ते अधिक सहज आदळतात, कारण रुंद पानाला वळसा घालून हवा त्यांना बाजूला नेते. त्यामुळे हे पाणी लव, काटे, पाकळीच्या कडा, केसरांचे तंतू आणि कोळ्याचे जाळे यांवर सर्वाधिक दिसते, आणि झाडाखालच्या आडोशालाही पोहोचते. तिसरे पाणी झाडाने स्वतः बाहेर टाकलेले असते. रात्री जमीन ओली आणि हवा दमट असली की मुळांच्या दाबाने वर आलेले पाणी पानांच्या कडेवरील सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडते. हे थेंब मोठे, टपोरे, आणि पानाच्या दात्यांवर ठरावीक अंतराने मांडल्यासारखे असतात. गवताच्या पात्याच्या अगदी टोकावर एकच थेंब असेल तर तो बहुधा याच जातीचा. वाळल्यावर त्याच्या जागी कधीकधी पांढरट डाग राहतो, कारण त्यात क्षार असतात. एकाच झाडावर हे तिन्ही ओळखता येऊ लागले, की मग थेंब ही नुसती सजावट राहत नाही.

थेंब आकार कोणता घेतो हे मात्र ज्या पृष्ठभागावर तो बसतो त्यावर ठरते. अळवावरचे पाणी क्षणात घरंगळते, आणि मराठीत ते क्षणभंगुरतेचे रूपक होऊन बसले आहे. कमळाच्या पानाचेही तसेच असते. या पानांवर सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर मेणाचे बारीक थर असतात, थेंब त्या टोकांवरच तोललेला राहतो, आणि घरंगळताना धूळही सोबत नेतो. कमळाच्या पानाच्या या गुणाचा बार्टलोट आणि नाइनहुइस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे स्वतःहून स्वच्छ राहणारे रंग व काचा बनवण्याची प्रेरणा ठरला. गुलाबाची पाकळी याच्या अगदी उलट वागते, आणि मला ती अधिक नवलाची वाटते. तिच्यावरही थेंब जवळजवळ गोल, मोत्यासारखा उभा राहतो, पण तो घरंगळत नाही. पाकळी उलटी केली तरी लहान थेंब तिला चिकटून लोंबत राहतो. पाकळीच्या पेशींचे उंचवटे आणि त्यांवरच्या सुरकुत्या यांच्या मधल्या पोकळ्यांत पाणी थोडे शिरते आणि धरून ठेवले जाते, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. धुक्याच्या सकाळी गुलाबावर दिसणारे ते स्थिर मोती, जे पाकळीच्या खालच्या अंगालाही असतात, त्यांचे मर्म हे आहे.

यातल्या एखाद्या थेंबात डोकावून पाहावे. गोल थेंब हा बाह्यगोल भिंगच असतो, आणि त्याच्यामागे काही सेंटिमीटरवर दुसरे फूल असेल तर त्या फुलाची अख्खी, लहानशी, उलटी प्रतिमा थेंबात दिसते. डोळा एकदा त्या अंतरावर स्थिरावला की एकाच डहाळीवरच्या दहा थेंबांत दहा उलटी फुले सापडतात, आणि मान किंचित हलवली तर ती सारी एकदम सरकतात.

पाकळी मखमलीसारखी का दिसते, याचेही उत्तर या उंचवट्यांतच आहे. पुष्कळ फुलांच्या पाकळ्यांच्या वरच्या थरातील पेशी सपाट नसून शंकूच्या आकाराच्या असतात. त्या आकारामुळे प्रकाश वरच्यावर परावर्तित होण्याऐवजी आत, रंगद्रव्याकडे वळतो आणि रंग गडद होतो. अँटिऱ्हिनमच्या, म्हणजे स्नॅपड्रॅगनच्या, एका वाणात हे शंकू तयारच होत नाहीत, पेशी सपाट राहतात, आणि त्याची फुले फिकट दिसतात. १९९४ मध्ये या वाणाच्या अभ्यासातून पेशीचा आकार आणि रंगाची गडदता यांचा संबंध स्पष्ट झाला. हे शंकू साध्या डोळ्यांनी दिसत नाहीत, पण त्यांचा परिणाम दिसतो. पॅन्सीचे किंवा गडद लाल गुलाबाचे फूल घ्यावे आणि समोरून न पाहता पाकळीच्या पातळीला समांतर, तिरक्या नजरेने पाहावे: पाकळी जिथे वळते तिथे मखमलीवर बोट फिरवल्यावर उमटते तशी फिकट झाक दिसते. कडक उन्हात ही झाक चकाकीत हरवते.

पांढऱ्या फुलांची कथा निराळी आहे, आणि धुक्यात त्यांचेच सर्वाधिक दुर्लक्ष होते, कारण पांढऱ्यावर पांढरे दिसत नाही असे गृहीत धरले जाते. बहुतेक पांढऱ्या पाकळ्यांत पांढरे असे रंगद्रव्य नसतेच. पेशींमधल्या हवेच्या पोकळ्यांतून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि पाकळी पांढरी दिसते. म्हणजे धुके आणि पांढरे फूल दोन्ही विखुरलेल्या प्रकाशामुळेच पांढरी आहेत, फक्त एका ठिकाणी हवेत पाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी पाण्याने भरलेल्या पेशींमध्ये हवा आहे. ही जुळणी मला फार सुंदर वाटते. या पोकळ्यांत पाणी शिरले तर पांढरेपणा जातो. जपानच्या डोंगराळ भागात वाढणाऱ्या डिफिलिया ग्रेयी या वनस्पतीची पांढरी फुले भिजल्यावर काचेसारखी पारदर्शक होतात आणि वाळल्यावर पुन्हा पांढरी. आपल्या नेहमीच्या फुलांत असे पूर्ण घडत नाही, पण भिजून थोडी दुखावलेली पांढरी पाकळी कडेला पारभासक झालेली अनेकदा दिसते. पांढरी शेवंती किंवा पांढरा गुलाब धुक्याच्या पार्श्वभूमीवर न पाहता गडद पानांच्या पुढे येईल अशा कोनातून पाहावा. मग त्या पांढऱ्यात हिरवट, मोतिया, किंचित गुलाबी अशा किती छटा आहेत ते कळते.

आता उमलण्याविषयी. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५१ मध्ये फुलांच्या उमलण्या-मिटण्याच्या वेळांवरून घड्याळ मांडण्याची कल्पना प्रसिद्ध केली, आणि तेव्हाच त्यांनी एक गट वेगळा काढला होता: हवामानाप्रमाणे आपली वेळ पुढेमागे करणारी फुले. धुके या गटाला नेमके उघडे पाडते. चिनी गुलाब, ज्याला पुष्कळजण ‘ऑफिस टाइम’ म्हणतात, धुके असेपर्यंत मिटलेलाच राहतो, आणि गझानियाही तशीच. ट्यूलिपच्या पाकळ्या उजेडापेक्षा उष्णतेला अधिक जुमानतात. हवा उबदार झाली की पाकळीची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा अधिक वाढते आणि फूल उघडते, थंडीत याच्या उलट होते. दुसरीकडे, संध्याकाळी उमलून सकाळी मिटणारी गुलबक्षी धुक्याच्या सकाळी नेहमीपेक्षा उशिरापर्यंत उघडी सापडते, आणि पारिजातकाची गळलेली फुले उन्हाअभावी अधिक वेळ ताजी राहतात, त्यांचे केशरी देठ ओल्या मातीवर एरवीपेक्षा उठून दिसतात. मॉर्निंग ग्लोरी हे या सगळ्यांत पहाटेचे खास फूल. तिच्या निळ्या वाणाची कळी जांभळट तांबूस असते, आणि उमलताना पाकळीच्या पेशीरसाचा सामू (आम्लता-अल्कतेचे माप, pH) ६.६ वरून ७.७ पर्यंत चढतो, त्यामुळे तेच रंगद्रव्य निळे दिसू लागते. कडक उन्हात हे फूल दुपारआधीच मिटते. थंड, ढगाळ हवेत ते अधिक टिकते.

फुलांतील प्राणिजीवनाकडेही लक्ष असावे. थंड आणि दाट धुक्यात मधमाश्या पोळ्यातून सहसा बाहेर पडत नाहीत, त्यामुळे परागकण अजून कोणी नेलेले नसतात आणि केसरांची टोके भरलेली, स्वच्छ दिसतात. काही जातींच्या एकांड्या मधमाश्यांचे नर रात्री घरट्यात जात नाहीत; ते जबड्याने एखादी काडी किंवा देठ पकडून तिथेच झोपतात. मी एका सकाळी लॅव्हेंडरच्या वाळक्या काडीवर अशी मधमाशी पाहिली होती, तिच्या पाठीवरच्या लवेवर, मिशांवर, पंखांच्या कडेवर धुक्याचे थेंब होते आणि ती अजिबात हलत नव्हती. ऊन लागल्यावर आधी तिचे उदर हलू लागले, मग तिने पायांनी मिशा पुसल्या, आणि त्यानंतर बऱ्याच वेळाने ती उडाली. अशी माशी दिसली तर तिला मेलेली समजून झटकू नये. कोळ्याची जाळी फुलांच्या देठांमध्ये रोजच असतात, धुक्यात ती दिसतात एवढेच. काही कोळ्यांच्या धाग्यात ओल आली की तो ठिकठिकाणी गाठीसारखा फुगतो आणि मधले पाणी त्या गाठींकडे सरकते, असे २०१० मधील एका अभ्यासात आढळले.

गंधाबद्दल थोडेच सांगतो. थंडीत सुगंधी द्रव्ये कमी उडतात, म्हणून धुक्यातले फूल लांबून वास देत नाही. ओंजळीने फुलाला हलकेच वेढावे, त्यावर एकदा उबदार श्वास सोडावा आणि मग वास घ्यावा. मिटून बसलेला गुलाबाचा गंध लगेच जागा होतो.

छायाचित्रे राखाडी येतात याचे कारण कॅमेऱ्याच्या मोजमापात आहे. समोरचे दृश्य मध्यम उजळ असेल असे धरून तो उजेड ठरवतो, आणि धुक्याचा पांढरेपणा त्याला जास्तीचा उजेड वाटून तो सारे चित्र काळवंडून टाकतो. म्हणून उजेड पाऊण ते सव्वा स्टॉप वाढवावा (एक स्टॉप वाढवणे म्हणजे उजेड दुप्पट करणे). मोबाइलवर फुलावर बोट टेकवून उजळपणाची पट्टी थोडी वर सरकवली की तेच होते. फ्लॅश मुळीच वापरू नये, कारण भिंगाजवळचे धुक्याचे कण त्याने उजळतात आणि चित्रभर पांढरे ठिपके पसरतात. उबदार खोलीत परतताना कॅमेरा बंद पिशवीत ठेवावा, नाहीतर भिंगावर बाष्प धरते. तरीही माझे मत असे, की पहिल्या काही सकाळी छायाचित्रे काढूच नयेत. त्याऐवजी पेन्सिल आणि जाडसर कागद न्यावा. शाई ओलसर कागदावर फुटते, पेन्सिल फुटत नाही. चित्र चांगले येण्याचा प्रश्नच नाही. पाकळीची कडा हाताने ओढताना डोळा तिच्यावर जितका वेळ राहतो तितका तो एरवी राहत नाही.

निगा राखणारा माणूस म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जे पाणी इतके देखणे दिसते तेच रोगांना वाट करून देते. गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीला रुजण्यासाठी पान निदान सात तास ओले राहावे लागते, आणि धुक्याच्या रात्री ते सहज राहते. राखाडी बुरशी ओल्या पाकळ्यांवर आधी लहान गोल डागांच्या रूपाने दिसते. सुरुवातीच्या वर्षांत मी काळजीपोटी धुक्यानंतर फांद्या हलवून पाणी झाडत असे. त्याने पाकळ्या चुरगळल्या आणि एका झाडाचे काळे ठिपके वाफ्यातल्या शेजारच्या झाडांवर गेले, कारण उडणारे थेंबच बीजाणू वाहून नेतात. तेव्हापासून ओल्या झाडाला मी हात लावत नाही. डागाळलेली फुले झाड कोरडे झाल्यावर काढतो, पाणी बुंध्याशी आणि सकाळी देतो, आणि फांद्यांमध्ये हवा खेळेल एवढी छाटणी आधीच करून ठेवतो. दाट पाकळ्यांच्या गुलाबात एक वेगळी अडचण येते: भिजलेल्या बाहेरच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून उन्हात कवचासारख्या वाळतात आणि आतली कळी निरोगी असूनही उमलू शकत नाही. अशा कळीच्या फक्त बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या नखाने हळुवार सोडवल्या, तर पुष्कळदा ती नंतर नीट उमलते.

सर्वांत शेवटचा टप्पा बहुतेकांच्या हातून निसटतो, कारण तोवर ते परत फिरलेले असतात. रात्री जमीन थंड होऊन पडलेले धुके सूर्योदयानंतर लगेच ओसरत नाही. पहिल्या उन्हाने हवा ढवळली जाते आणि काही वेळ ते उलट दाट होते. मग जमीन तापू लागते, धुके खालून विरळ होत वर उचलले जाते, आणि सूर्य पांढऱ्या तबकडीसारखा दिसू लागतो. त्या वेळी निवडलेल्या फुलापाशी असावे, आणि ते आपल्या व सूर्याच्या मधे येईल असे बसावे. तबकडीकडे थेट न पाहता पाकळीकडे पाहावे. एवढा वेळ ज्या पाकळीवर उजेड पडत होता, तिच्यातून तो आता आरपार येतो. शिरांचे जाळे उमटते, दोन पाकळ्या जिथे एकमेकींवर येतात तिथे रंग दुप्पट होतो, आणि मागच्या पाकळीवर बसलेल्या थेंबाची सावली पुढच्या पाकळीतून दिसते. हे फार तर पंधरा-वीस मिनिटे टिकते. थेंब आधी पाकळीच्या कडेवरून जातात, मग शिरांवरून, आणि खाचेतला सर्वांत मोठा थेंब सर्वांत शेवटी; तोवर चिनी गुलाबाच्या कळ्यांची टोके सैल झालेली असतात.